कोंबडीखालची टर्कीची अंडी

हट्टी बाई बघायची तर लालबागच्या चाळीत आमच्या आईला बघायला हवं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली गोष्ट. गिरगावातल्या ओळखीच्या फर्नांडिसबाईंनी तिला टर्कीची अंडी दिली, आणि आईने ती टोपलीत आमच्या कोंबडीखाली ठेवली.

तीन आठवडे झाले तरी अंडी तशीच. त्यात बाहेर गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, बाजार बंद पडला.

बाबा म्हणाले, "अंडी नासली गो. कोंबडी तरी कापूया. पोरांनी नुसता भात किती दिवस खायचा?"

"टर्की म्हणजे कोंबडी नव्हे. तिची पिल्लं आठवडाभर जास्त घेतात. कोंबडी आपणहून उठत नाही तोवर तिला कुणी हात लावायचा नाही!" असं म्हणून आई सुरी घेऊन टोपलीपाशीच बसली. स्वतःच्या ताटातला भातही कोंबडीला घालायची.

आठवड्याने अंडी फुटली. लांब मानेची, उंच पायांची पिल्लं बघून कोंबडी जरा बावरली, पण पंखाखाली घेतलंन त्यांना.

आईने सुरी बाबांपुढे धरली. "आता कापायची?"

बाबा पिल्लांवरून नजर न काढता म्हणाले, "गप गो! बाळंतिणीला कोण कापतं?"