इस्टाबेरीच्या वाफ्यातली खारी मासळी

मी कोपरचा. आमचा बापूस मिठागरावं राबायचा, आजापन तेच, पन मना काय ते मीठ सोसलं नाय, पाय फुटायचे, म्हनून मी ठाण्याला साहेबाच्या बंगल्यावं झाडांना पानी घालाया लागलो. आवारातच खोपटी दिलेली, तिथंच लगीन करून बायको आनली. बरं चाललेलं, काय सांगू तुमाला.

तवा साहेबानं महाबळेश्वरावरनं इस्टाबेरीची रोपं आनवली, ओल्या गोनपाटात गुंडाळून, आन् त्यांच्यासंगं धोंडीबा माळी. थंड हवेतला मानूस, इथं घामानं कावलेला. बोलला, याला सकाळचं ऊन पुरे, दुपारी झावळ्यांची सावली, फळाखाली पेंढा, बाकी काय म्हनता काय घालू नको. मी हो हो केलं. मनात बोललो, तुजा डोंगर येगळा, ही खाडीची जमीन, इथं झाडाला जोर पायजे. आय माजी वालाच्या बुडाशी मासळी पुरायची, वेल कसा मांडवभर जायचा.

फळं नुकती लालीला आलेली, साहेबाकडं पाहुने यायचे होते, आन् धोंडीबा चार दिस कल्यानला भनीकडं गेलेला. मी रोपारोपाशी मूठमूठ मासळी पुरली. चांगलंच कराया गेलेलो. पन आयची मासळी ताजी असायची, माजी घरातली खारवलेली. मिठागरवाल्याच्या पोराला येवढं कळू नये, सांगा. मांजरांनी अर्धा वाफा उकरला, उरलेली रोपं कडेनं काळी पडली.

धोंडीबा आला तसं साहेबानं आमा दोघांना उभं केलं, कोनी केलं बोलला. बायको खोपटीच्या दारात, दिस भरलेले. माजं काम गेलं का खोपटीपन जायची. धोंडीबानं माती उचलली, हुंगली, माज्याकडं बघितलं, मंग खोपटीकडं बघितलं. बोलला, चूक माजी साहेब, कल्यानला जायच्या आदी मीच मासळी पुरली. त्याच दिशी त्याला काढला.

फाटकाशी मी पाया पडाया वाकलो तर त्यानं मना धरला. बोलला, कोपऱ्यातलं एक रोप जगलंय, त्याला काय घालू नको.

नाय घातलं. तरी उन्हाळ्यात ते गेलंच. पोर त्या खोपटीतच झाली, आता तिला पोरं हायत, डोंगरावरनं करवंदं आनतात, आजा खा बोलतात. खातो. इस्टाबेरीची चव मना आजून ठावं नाय.

बायको गेली, तिलापन सांगितलं नाय कदी. आता थकलो, म्हनून तुमाला सांगितलं. धोंडीबा असंल तिथं त्याचा वाफा हिरवा राहो, आन् त्याच्या हाताखाली माज्यासारखा कोनी नसो.