हिरव्या रेघेवरची मॅच

आमच्याकडे मॅच बघायला येणार असाल, तर चित्र दिसेल का, हे आधी विचारून या. परवा शेवटच्या पाच ओव्हर उरल्या असताना आमचा सेट-टॉप बॉक्स बंद पडला. खास मॅचसाठी आलेले शेजारचे काका उठू लागले.

"बसा हो!" बाबा म्हणाले. टीव्हीचे सिग्नल तपासणारं सॉफ्टवेअर बनवणं हीच त्यांची नोकरी. त्यांनी डिशची वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एक हिरवी रेघ धावू लागली.

"आणि खेळाडू?" काकांनी विचारलं.

"चित्र उघडायची किल्ली त्या बॉक्समध्येच अडकलीय. पण मैदानात धावपळ वाढली की ही रेघ वर जाते."

रेघ उसळली. "सिक्सर!" काका ओरडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढेही ती दर चार मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखी उसळत राहिली. मला शंका आली.

शेवटच्या टाळ्यांना समोरच्या काकू गॅलरीत आल्या. "अहो, आपण हरलो! टाळ्या कसल्या वाजवताय?"

"मग रेघ कशाने उसळत होती?" बाबा पुटपुटले.

"ओव्हर संपली की जाहिराती लागतात ना, बाबा. त्यांत तर सगळ्यात जास्त धावपळ," मी हळूच म्हणाले.

काकांनी शांतपणे चपला घातल्या. "जाहिरातींत मात्र आपण फार सुंदर खेळलो हो."