कोरी फुलं

(सरहद्दीच्या अलीकडच्या शाळेत चित्रकलेच्या बाई, फोनवर पलीकडच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर.)

बाई : अहो मास्तर, मुलांनी जीव ओतून रंगवलं आणि तुम्ही म्हणता पुसा? त्यासाठी का आपण दोन शाळांनी मिळून हा उपक्रम घेतला?

मास्तर : वेल सुरेखच झालीये, बाई. फक्त ती कोरी फुलं. ती तुमच्या मुलांनी भरली.

बाई : भरणारच! तुमच्या मुलांनी घरच्या भिंतीवरची वेल कागदावर काढून पाठवली, आणि प्रत्येक कागदावर एकदोन फुलं कोरी. मला वाटलं, गडबडीत राहिली. अर्धवट काम मला खपत नाही, सगळी शाळा जाणते. मीच म्हटलं, भरून टाका रे.

मास्तर : चूक माझी. आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे घरात जितकी माणसं तितकी फुलं. माणूस गेलं की त्याचं फूल खरवडून कोरं करायचं.

बाई : गेलं म्हणजे...

मास्तर : वारलं. ते फूल मग कोणी भरायचं नाही.

बाई : अगंबाई! घरच्यांनी मनाला लावून घेतलं असेल. मी माफी मागते सगळ्यांची.

मास्तर : मनाचं नाही हो. कागद परत आले, मुलांनी हौसेने घरी नेऊन भिंतीला लावले. आठवीतल्या एका मुलीच्या घरी तेव्हापासून आजोबांची खोली आतून बंद आहे.

बाई : आतून?

मास्तर : आणि खोकला ऐकू येतो. म्हातारा हयातीत हात उचलायचा, सुना अजून कापतात. घरचे सगळे शेजाऱ्यांकडे राहायला गेलेत. दुसऱ्या एका घरी पानं वाढून ठेवली, की एक पान आधीच उष्टं झालेलं असतं.

बाई : थट्टा करताय ना?

मास्तर : थट्टा करायला सरहद्दीपलीकडे फोन लावीन? आम्ही ओल्या फडक्याने पुसलं, साबण लावला. रंग हलत नाही. ज्याने भरलं त्याच्याच हाताने जातो, असं जुनी माणसं म्हणायची. म्हणून कागद भिंतींवरून काढून गठ्ठा पाठवला. पोचला का?

बाई : समोरच आहे. मुलांना थांबवून घेतलंय. आजोबांचा कोणता? हा, तुम्ही चिठ्ठी लावलीये. लाल फूल. ए चष्मिस, तूच भरलंस ना हे? घे बोळा, पूस. हळू, कागद फाटेल... मास्तर, नुसत्या पाण्याने गेलं हो!

मास्तर : गेलं?

बाई : डागसुद्धा नाही.

मास्तर : थांबा, मुलीचं घर शाळेसमोरच आहे, तिचे काका दारातून ओरडतायत... कडी निघाली म्हणे. खोली रिकामी आहे.

बाई : देवा रे. थांबा, सगळेच पुसून घेते. हा झाला, हा झाला... मास्तर, तुमचा कागद कुठाय? नमुना म्हणून तुमच्या घरची वेल पाठवली होती तुम्ही. त्यातलं फूल मी स्वतः भरलं होतं. पिवळं.

मास्तर : राहिला असेल.

बाई : गठ्ठा कोणी बांधला?

मास्तर : मीच.

बाई : कोणाचं होतं ते फूल?

मास्तर : धाकटीचं. सातवीत होती. नदीवर पोहायला गेली होती.

बाई : वहिनी कशा आहेत?

मास्तर : आनंदात आहे. भिंतीपाशी बसून असते. जेवायला उठत नाही, झोपत नाही. बोलते मात्र दिवसभर. इतकी वर्षं तोंडातून शब्द नव्हता.

बाई : अशाने वहिनी हातच्या जातील तुमच्या! कळतंय ना तुम्हाला? तो कागद पाठवा. नाहीतर मीच येते तिकडे, बोळा घेऊन.

मास्तर : येऊ नका.

बाई : मास्तर, ती तुमची लेक नाही.

मास्तर : तुम्ही मुलांचे कागद पुसा, बाई. लोकांची घरं मोकळी करा.

बाई : आणि तुमचं घर?

मास्तर : धाकटीला पिवळा रंग कधीच आवडायचा नाही. पण अजून तरी काही म्हणाली नाहीये.