नियत होती का, साडूभाऊ?

...हां, बघा, पोटभर बघून घ्या! मिशी गेली, मान्य हाय, पैजेत गेली, रीतसर गेली. पण ह्या डाव्या भुवईचं आत्ताच कुणी विचारायचं न्हाई, तिचं शेवटी सांगतो. अन् तुमी, हो तुमीच, चष्मेवाले, खोकल्याचं निमित्त करून हसू नका... तुमची नियत मला दिसायलीय!

नियत! ह्या एका शब्दानं माझं वाटोळं केलं, तुमाला सांगतो. आमच्या गावचे मुंजाजी सुभेदार फौजेतून रिटायर होऊन आले. येताना माणूस काय आणतो? ट्रंक आणतो, बिस्तरा आणतो. ह्यांनी गोल्फ आणला! तेलगावच्या रस्त्याला त्यांचा माळ हाय, कुसळाशिवाय तिथं कायबी उगवत न्हाई. ट्रॅक्टरनं फळी मारली, सहा गली, म्हंजे चेंडू पाडायचे खड्डे, खणल्या, शेजारी झेंडे रोवले अन् म्हणले, "रामेश्वर, साहेबांचा खेळ हाय, ये खेळायला." गवत? कुठलं गवत! गलीभोवती वाळू अन् तिच्यावर जळकं ऑईल. काठ्या खाजामियाँनी वेल्डिंग करून दिल्या, गॅरेजातल्या भंगाराच्या. एक उचलली की खांदा निखळतो! मी म्हणलं, जरा हलकी करा की. तर म्हणतो, "भाऊ, साहब लोगां का खेल है, वजन तो होनाच!"

आता ह्यात माझा साडू कुठून उपटला? सोमेश्वर, नेकनूरचा, माझ्या मेव्हणीचा नवरा. माणूस तसा गोड, गुळाच्या ढेपेवानी, पण चिकटला की सुटत न्हाई. मी मिशी राखली की त्यानं राखली, मी पीळ दिला की त्यानं दोन दिले! सासरवाडीच्या जेवणात, सगळ्या पंगतीसमोर म्हणला, "गोल्फात काय अवघड हाय बे, काठी अन् चेंडू!" झालं, लागली पैज. हरंल त्याची मिशी जाणार, अन् जिंकंल त्यानं ती स्वतःच्या हातानं काढायची. अवो, माझी मिशी म्हणजे काय साधी होती? वडील गेले तवा उतरवली तेवढीच, त्यानंतर कात्रीला हात लावू दिला न्हवता मी!

पहिल्याच गलीला सोमेश्वरचा चेंडू गेला बाभळीत, सापडंना. सुभेदार म्हणले, "एक दंड, वाढवा." साडू खूश! म्हणला, "एकच काहून? दोन द्या की!" त्याला वाटलं, क्रिकेटमधल्या वाईडवानी फुकटचा मिळाला. मग सुभेदारांनी समजावलं, बाबा, ह्यात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, दंड म्हणजे तुझ्याच डोक्यावर ओझं. तवा कुठं त्याचं तोंड उतरलं.

अन् तिथून बदमाश हुशार झाला! पुढच्या गलीला अशी काठी फिरवली, अशी फिरवली... धुरळा उडाला, पागोटं उडालं, चेंडू जाग्यावर! मी वरडलो, "मोजा एक!" तर म्हणतो, "लागला कुठं?" सुभेदार एकदम सावधान झाले अन् म्हणले, "मारायची नियत धरून काठी फिरवली, तर चुकली तरी मोजायची. नियत नसंल तर मोजायची न्हाई. सोमेश्वर, नियत होती का?"

"छे बुवा! माशी हाणत होतो."

तुमाला सांगतो, संपलं! साहेबांच्या खेळात म्हणे गड्याच्या शब्दाला मान असतो, नियत ज्याची त्यालाच ठाऊक. मग काय विचारता! काठी हुकली... नियत होती का? न्हाई, खांदा आखडलाय, मोकळा करत होतो. परत हुकली... नियत होती का? न्हाई, तिकडून ओळखीचा टमटमवाला चालला, त्याला हात केला. काठीनं? काठीनं हात करतात व्हय?

अन् माझी एकदा, एकदाच हुकली. सुभेदारांनी विचारलं, "रामेश्वर, नियत होती का?" मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज, "होती की! दातओठ खाऊन मारायलेत सकाळपासून!" कोण? आमची मनकर्णा! माझी लग्नाची बायको, डबा घेऊन आलती. डबा ठिवायचा, गप बसायचं... न्हाई!

पाचव्या गलीला माझा चेंडू कसा झकास पडलता, तर एका मेंढीनं तोंडात धरला अन् निघाली. मी म्हणलं, सुभेदार, हिची नियत विचारा की आता! ते म्हणले, "जनावर हाय, दंड न्हाई. वस्तू होती तिथं परत ठेवा." हे वाक्य ध्यानात ठिवा बरं, वस्तू होती तिथं परत ठेवा!

आता शेवटची गल. सोमेश्वरचा चेंडू आत. माझा गलीपासून वीतभर लांब. ह्या एका फटक्यात गेला तर बरोबरी, दोघांच्याबी मिश्या शाबूत. न्हाई गेला तर... माझा हात आपोआप मिशीवर गेला हो! म्हणलं, आधी हात जरा हलका करावा, म्हणून काठी नुसती झुलवली, नुसती... तर टिक! लागली की चेंडूला! अन् तो गडगडत, गडगडत... गलीत! बघायला जमलेला अख्खा माळ उसळला, खाजामियाँनी मला उचलून धरलं, अन् सुभेदार म्हणतात कसे,

"रामेश्वर, नियत होती का?"

अवो, जिभेवर आलतं, 'होती!' दोनच तर अक्षरं! पण सकाळपासून साडूची नियत खोटी म्हणून बोंबललं कोण? मीच. अन् समोर मनकर्णा, डबा पोटाशी धरून बघायलेली. माझ्याच तोंडून निघालं, "...न्हवती."

खाजामियाँनी मला तसंच खाली सोडलं. "या अल्ला! आजच इमानदार होना था क्या भाऊ?"

"शाब्बास," सुभेदार म्हणले, "दंड न्हाई. वस्तू होती तिथं परत ठेवा." ठिवला चेंडू. कुलदैवत आठवलं, श्वास धरला, सगळी नियत गोळा करून मारला... गलीच्या काठाला वळसा घातला, आत डोकावला, अन् पलीकडं जाऊन बसला. आता कुणी विचारावं का नियत? कुणीच विचारलं न्हाई!

तिथंच खुर्ची टाकली, साडूनं ट्रिमर काढला, घरूनच आणलता मेल्यानं. अर्धी मिशी गेली, मी डोळे मिटले. उरलेलीबी गेली. मग ट्रिमर अजून जरा वर सरकला... खर्र्र! मी डोळे उघडले तर डावी भुवई मांडीवर!

"सुभेदार!" मी किंचाळलो.

"सोमेश्वर, नियत होती का?"

"छे छे! साडूभाऊंच्या कपाळावर माशी होती."

"मग दंड न्हाई," सुभेदार म्हणले. "वस्तू होती तिथं परत ठेवा."

आता ठिवू कशी, सांगा! तवापासून मनकर्णा रोज सकाळी काजळानं भुवई काढून देती. आज बघा, पार कानापर्यंत गेलीय. मी आरसा बघितला, म्हणलं, अगं, हे काय केलंस, नियत होती का तुझी? तर हसू दाबत काय म्हणली असंल?

...व्हय. तुमालाबी पाठ झालंय आता.