बापूकाकांना काही आठवेना

चहात एवढी साखर घातलीस ना, त्यावरून आमचे बापूकाका आठवले. शुगर आहे त्यांना. परवा फूलबागेत फिरायला म्हणून निघाले आणि महाराज बाड्यावर, भर बाजारात, एका दुकानाच्या पायरीवरून पडले. डोक्याला हे एवढं टेंगूळ! मी नि काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. या हिंदी मुलखातही डॉक्टर आपले मराठीच.

“उलटी झाली? बेहोश झाला होतात?”

“बिलकुल नाही,” काका म्हणाले.

“मग स्कॅनची जरूरत नाही.”

तेवढ्यात काकू म्हणाली, “पण फूलबागेत गेलेला माणूस बाड्यावर कसा पडला?”

काकांनी डोळे मिटले. “काही आठवत नाही गं.”

डॉक्टर गंभीर झाले. “पडायच्या आधीचंच आठवत नसेल, तर डोक्याचा स्कॅन करावाच लागेल.”

काकूने तिथेच हात जोडले. “देवा, हे बरे होऊ देत, मी वर्षभर गोडाला शिवणार नाही!”

ते मात्र काकांना सोसवेना. खाली बघत म्हणाले, “दोन कचोऱ्या खाल्ल्या. वर पाकातली गरम इमरती. हात पुसत उतरत होतो, पाय घसरला.”

“चटणी कोणती होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिरवी. जरा जास्तच तिखट होती.”

“याददाश्त एकदम पक्की आहे! स्कॅन राहू द्या. उलटी झाली, गुंगी आली, तर लगेच आणा. आणि चोवीस तास यांना नजरेआड होऊ देऊ नका.”

काकूने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, “चोवीसच?”