गिळलेला निरोप

ऐका. पण हात चालू ठेवून ऐका. पेरायला बी काढायच्या शेंगा आहेत या, खायच्या नाहीत. तिकडं कोपऱ्यात कोण कुडूम कुडूम करतंय ते मला कळतंय बरं का. डोळे अधू झाले असतील माझे, कान अजून शाबूत आहेत. सदा, तू असा दिव्याजवळ सरक. आज तुझं तोंड दिसू दे मला.

भुताचीच पाहिजे ना? मग भुताचीच सांगते. यातलं एक अक्षर खोटं नाही.

तर गेनबा अंधार पडल्यावर निघाला. आवळवाडीहून आपल्या या खडकेवाडीला. म्हसोबाच्या खिंडीतनं. एकटा. हातात कंदील, अंगावर नवी घोंगडी, आणि घरात बायकोलासुद्धा न सांगता. चोरासारखा निघाला बघा!

कोण गेनबा? अरे, निरोप्या गेनबा! तेव्हा फोन कुठला आणि एसटी कुठली. पाच गावच्या बातम्या त्या एका माणसाच्या पायावर चालायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, जत्रा कधी, पाळणा कुणाकडं हलला, सगळं गेनबा आणायचा. पारावर येऊन टेकला की बाया भरल्या घागरी डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहायच्या. मान मोडली तरी हलायच्या नाहीत!

आणि निरोप्याची एक रीत होती. आधी निरोप, मग पाणी. निरोप चांगला असला तर सांगायचा आणि गूळ-पाणी घ्यायचं. वाईट असला तर उंबऱ्याबाहेरनंच सांगायचा, पाणीही न घेता मागं फिरायचं. निरोप पोटात असताना अन्नाला शिवायचं नाही. गेनबानं ही रीत वीस वर्षं पाळली. एकदा चुकला. तिथनंच सगळं बिघडलं!

ते कसं, ते आधी ऐका. म्हणजे तो चोरासारखा का निघाला ते कळेल.

त्याच्या आदल्या वर्षी, एका सकाळी तो खडकेवाडीलाच यायला निघाला होता. आवळवाडीत सारजाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिची लेक इकडं दिलेली. कुणाच्या घरात, ते आत्ता विचारू नका. तर सारजाबाईला चार दिवस ताप होता. लेकाला वाटलं, साधा ताप. पण म्हातारीचं म्हातारीला कळलं होतं. मुलगा शेतावर गेलेला बघून ती दारापर्यंत सरपटत आली आणि जाणाऱ्या गेनबाला तिनं हाक मारली. लेकीसाठी निरोप दिला. कानात दिला. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

गेनबा उन्हं चढायच्या आत इथं पोचला. तर लेकीच्या सासरी दिराच्या लग्नाचं देवक बसलेलं! अंगणात पंगत. पुरणपोळ्यांचा वास पार वेशीपर्यंत. आणि ती लेक, माहेरचं माणूस दारात बघून नुसती हरखली. हाताला धरून तिनं त्याला पंगतीत बसवलं. वाढता वाढता विचारलं,

"आई कशी हाय रं गेनबादादा?"

आता बघा हं. तोंड उघडलं असतं तर ती ताट टाकून निघाली असती. घरात कालवा झाला असता. पंगत उठली असती. गेनबा मनाशी म्हणाला, जेवण होऊ दे, मग सांगू. लोकांच्या शुभकार्यात कशाला विघ्न? असं तो मनाशी म्हणाला. पण खरं सांगू? विघ्न-बिघ्न काही नाही. पोळी समोर होती आणि भूक लागली होती. बस, एवढंच!

"बरी हाय," तो म्हणाला.

"अजून एक घे की मग!" लेक म्हणाली. चार पोळ्या वाढल्या तिनं. वर तूप.

आणि जेवल्यावर त्याला सांगता येईना. "बरी हाय" म्हणून बसलेला माणूस, आता कुठल्या तोंडानं सांगणार? तो उठला, मारुतीच्या देवळामागं जाऊन पडला. झोप कसली येतेय! दिवेलागणीला परत तिच्या दारात गेला आणि म्हणाला, निम्म्या वाटेत आवळवाडीचा गुराखी भेटला, तो म्हणाला सारजाबाईचं काही खरं नाही, म्हणून तसाच मागं फिरलो.

लेक पळत गेली. अनवाणी गेली. पण म्हातारी दिवा लावायच्या वेळीच गेली होती. दिवसभर "आली का? आली का?" करत होती. घरच्यांना वाटलं, तापात बरळतेय. डोळे दाराकडं लागलेले, ते गेल्यावरसुद्धा कुणाला मिटवता आले नाहीत.

आणि गावानं काय केलं, ऐका! गावानं गेनबाला डोक्यावर घेतलं. कुणी न पाठवता हा गडी निम्म्या वाटेतनं मागं फिरला! दोन दोन खेपा केल्या! तेराव्याला सारजाबाईच्या लेकानं भरल्या पंगतीत त्याला घोंगडी पांघरली. आणि ती लेक त्याच्या पाया पडली. पाया पडली रे! गेनबाचे पाय तिथंच का गळून पडले नाहीत?

त्यानंतर वर्षभर तो खिंडीत शिरला नाही. इकडचा निरोप असला की पोट दुखायचं त्याचं. आणि नेमकी सारजाबाईच्या लेकाला मुलगी झाली. बारशाला आत्या पाहिजे. नाव आत्यानं ठेवायचं. चार दिवस आधी त्यानं गेनबाला सांगितलं, "आक्काला निरोप दे." गेनबा म्हणाला देतो. दिला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. बारशाच्या आदल्या संध्याकाळी लेकानं विचारलं, "आक्काला कळलं न्हवं?" आणि गेनबाच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय, कळलं की."

पुन्हा तेच! दुसऱ्यांदा निरोप गिळला! घरी आला आणि घामानं भिजला. सकाळपर्यंत ती पोचली नाही तर आत्याविना बारसं होणार, आणि मग भाऊ बहिणीला विचारणार, बहीण म्हणणार मला निरोपच नाही. मग एकेक धागा उसवत मागच्या वर्षापर्यंत जायला किती वेळ? म्हणून तो अंधारात निघाला. कळलं आता?

सदा, शेंगा फोड. थांबलास का?

तर, ओढ्यापाशी आला. धुणं धुवायच्या दगडावर एक म्हातारी बसलेली. पदर डोक्यावर, तोंड पाण्याकडं.

"काय निरोप रं, बाबा?" ती म्हणाली.

वाटेवर भेटेल तो त्याला हेच विचारायचा, त्यामुळं गेनबाला काही वाटलं नाही. "बारशाचा हाय, आजे," म्हणाला आणि ओढा ओलांडला. चार पावलं गेल्यावर मनात आलं, एवढ्या रात्री ही एकटी इथं कशी? मागं बघितलं. दगड रिकामा. कोरडा ठणठणीत!

पाय उचलले त्यानं. चढ लागला. वर करंजाचं झाड आहे बघा, त्याच्या बुडाशी तीच म्हातारी! तोच पदर! पळत आलेला माणूस मागं राहिला आणि बसलेली म्हातारी पुढं गेली!

"काय निरोप रं, बाबा?"

"सां... सांगितला की, आजे. बारसं हाय."

"त्यो न्हवं," म्हातारी म्हणाली. "त्याच्या आधीचा."

कंदील भकभकला. त्या उजेडात तिनं तोंड वर केलं. आणि डोळे बघितले त्यानं. उघडे. टक्क उघडे. पापणी लवत नव्हती.

गेनबानं राम राम म्हणत धूम ठोकली. खांद्यावरची घोंगडी जड व्हायला लागली, भिजल्यागत जड. टाकायला बघतो तर सुटेना! तसाच ओढत ओढत खिंडीच्या तोंडाशी आला. आणि तिथं त्याला वास आला.

पुरणपोळीचा वास!

खिंडीत मधोमध पत्रावळ मांडलेली. भोवती रांगोळी. समोर म्हातारी, पदर खोचून वाढायला उभी. "बस," म्हणाली. "दमून आलायस. भुकेला असशील."

त्याला नको होतं. देवाशपथ नको होतं! पण गुडघे आपोआप वाकले. हात आपोआप पोळीकडं गेला. घास तोंडात गेला आणि कळलं, राख आहे. चितेची राख. थुंकायला गेला तर घास खाली उतरला.

"अजून एक घे की!" म्हातारी म्हणाली. आणि आवाज तिचा नव्हता. लेकीचा होता! तोच हरखलेला आवाज. "आई कशी हाय रं गेनबादादा?"

गेनबाला सांगायचं होतं. तोंड उघडलं. जीभ म्हणाली, "बरी हाय."

पानावर दुसरी पोळी.

"आई कशी हाय?"

"बरी हाय!"

तिसरी. चौथी. तो रडतोय, मान हलवतोय, आणि जीभ म्हणतेय बरी हाय, बरी हाय! वर्षभर तेच तर बोलत होती ती, दुसरं तिला येईल कसं? पोटाला तडस लागली. राखेनं श्वास कोंडला. कंदील विझला. अंधारात फक्त ते दोन डोळे, पुढं पुढं येतायत, पुढं पुढं. अजून एक घास उतरला असता तर सकाळी खिंडीत मढं सापडलं असतं.

तेव्हा गेनबानं काय केलं? स्वतःचा हात तोंडात घातला. मुठीनं राख ओढून बाहेर काढली, जीभ चिमटीत धरली आणि ओरडला. सगळी खिंड दणाणली.

"बरी न्हाई! तुझी आई मरतीया! तुला बोलावलंय, आत्ताच्या आत्ता चल!"

सगळं नाहीसं झालं. पत्रावळ नाही, रांगोळी नाही. अंधारातनं फक्त म्हातारीचा आवाज आला, दमलेला.

"मला का सांगतुयास? जिला सांगायचा, तिला सांग."

मग जो पळालाय गेनबा! मागं पावलं वाजत होती, थेट वेशीपर्यंत. तो थांबला की थांबायची, निघाला की निघायची. पहिला कोंबडा आरवला तेव्हा तो लेकीच्या दारात येऊन पडला. तोंड काळं, गुडघे फुटलेले.

लेक सडा घालत होती. धावत तांब्या घेऊन आली. "गेनबादादा! अरं, पाणी घे."

"पाणी नगं," तो म्हणाला. "आधी निरोप."

आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. पोळ्या, देऊळ, गुराखी, खिंड, सगळं. नवा निरोप शेवटी सांगितला. घोंगडी उतरली आता खांद्यावरनं. ती त्यानं घडी करून तिच्या पायाशी ठेवली. लेकीनं एकच विचारलं,

"आई काय म्हणाली हुती? तिच्या शब्दात सांग."

गेनबा म्हणाला, "म्हणाल्या, लेकीला म्हणावं, तव्यावर भाकरी असली तर उतरवू नगंस. तशीच ये."

शेंगा फोडा रे. कुडूम कुडूम पण थांबलं.

लेकीनं माफ केलं का, असं विचारायचंय ना? त्या दिवशी नाही केलं. तांब्यातलं पाणी तिनं तुळशीत ओतलं आणि बारशाला गेली. उजेड पडलेल्या खिंडीतनं. ती पुढं, गेनबा दहा पावलं मागं, सबंध वाट. पण मी एक सांगू? राग नुसता त्याच्यावर नव्हता. त्याच्या हातातला घास थरथरत होता त्या दिवशी, पंगतीत. मी बघितलं होतं. बघूनसुद्धा मी अजून एक पोळी वाढली.

हो. मीच. कुणाच्या घरात दिली होती विचारत होता ना? याच घरात. हेच अंगण. सदा बसलाय तिथंच पंगत होती.

पुढं गेनबा निरोप पोचवत राहिला, पण मरेपर्यंत त्यानं पुरणाला हात लावला नाही. बारा वर्षांनी त्याच्या घरनं माणूस आला. गेनबा शेवटचा आहे, तुमचं नाव घेतोय म्हणाला. तव्यावर भाकरी होती. मी उतरवली नाही. तशीच गेले. पोचले तेव्हा शुद्धीत होता. मी हातानं पाणी पाजलं त्याला. प्यायला.

म्हणून सांगते, त्या खिंडीच्या वाटेला रात्रीचं कुणी जायचं नाही. आता डांबरी झाली, दिवे लागले, तरी जायचं नाही. म्हातारी अजून बसते तिथं. ज्याच्या पोटात काही नाही त्याला ती दिसतसुद्धा नाही. पण ज्यानं कुणाचा निरोप गिळलाय, त्याला विचारल्याशिवाय सोडत नाही.

सदा, खाली बघू नकोस. दुपारी तुझ्या मेव्हण्याचा फोन आला होता. सासऱ्यांना दवाखान्यात नेलंय म्हणाला. तू म्हणालास, एवढ्या शेंगा होऊ देत, मग सांगतो तिला. भिंतीपलीकडं मी होते. कान शाबूत आहेत म्हटलं ना मघाशी?

तुझी बायको चुलीपुढं आहे. भाकरी टाकतेय. ऊठ.