गाऱ्हाणं आणि ओपन टाइम

…नाही, मी काय म्हणतो, एवढे शब्द शिकवायचे तर निदान फरशी तरी चिकटवून दाखवा ना! रविवारी आमच्या दीपिकाचा साखरपुडा, सोयरे दोडामार्गहून येणार, मी हौसेने माजघराची जुनी जमीन उखडून बसलेलो, आणि फरशी चिकटवायच्या मालाच्या कंपनीने आचऱ्याला धाडलेला हा विनीत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून मला सांगतोय, "काका, सिमेंट विसरा. हे पॉलिमर मॉडिफाइड अ‍ॅडहेसिव्ह. याचा पॉट लाइफ वेगळा, ओपन टाइम वेगळा." म्हटलं, म्हणजे काय रे? तर म्हणे, "घमेल्यात टिकतं तो पॉट लाइफ. जमिनीवर पसरलं की वीस मिनिटांत फरशी बसवायची, तो ओपन टाइम. नंतर वर साय धरते, चिकटत नाही." मग हे असंच सांगायला कंपनीच्या पोटात का दुखत होतं? ओपन टाइम म्हणे!

तुम्हाला सांगतो, लवू मेस्त्रीने दातेरी थापीने अर्ध्या खोलीत माल ओढला, पहिली फरशी उचलली, आणि देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारे शंकरआबा नारळ घेऊन दारात. "गाराणा घातल्याशिवाय जमनीक हात लावलस?" संपलं. लवूने फरशी खाली ठेवली. आबांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा…" मागून आम्ही, "होय म्हाराजा!" विनीत घड्याळ दाखवतोय, "काका, ओपन टाइम…" आता ग्रामदेवतेला मध्येच थांबवू? आबा रवळनाथावरून राखणदारावर, तिथून माझ्या मेलेल्या चुलत्यांवर… त्यातला एक चुलता राहिला म्हणून परत पहिल्यापासून! विनीतने मालाला बोट लावलं, बोट कोरडं. मग तोसुद्धा हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."

लवूने फरश्या तशाच दडपल्या. शनिवारी बायकोने केर काढला, तर केराबरोबर फरशी पुढे सरकली. सोयऱ्यांना बाहेर अंगणात, खळ्यात बसवावं लागलं हो, दीपिका रडवेली, मला मान वर करायची लाज वाटत होती. ओपन टाइम म्हणे!

सोमवारी बैठक. विनीत म्हणतो सब्सट्रेट, म्हणजे खालची जमीनच खराब, लवू म्हणतो, "माल बेगीन सुकता." शेवटी आबा शांतपणे म्हणाले, "तासभर दम धरणारो माल गावता काय बघ." विनीत वही उघडून, "मिळतो ना. एक्स्टेंडेड ओपन टाइम." मागवला. गाऱ्हाणं जरा आटोपतं घालूया, हे काही कुणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्या तरी कुठून निघणार, काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आबांना गाऱ्हाण्याचा नारळ देऊन आलेलो मीच.